पत्ता कोणाचा? विनामूल्य होस्टिंग, मराठी संकेतस्थळे आणि मिहान

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्ग आणि सोनेगावचे विमानतळ यांना लागून, शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांच्या शेतजमिनीवर उभा राहिलेला मिहान प्रकल्प विमानतळाच्या निमित्ताने आखला गेला असला, तरी तिथे रुजलेल्या व्यवसायांत माहिती तंत्रज्ञानाचे स्थान मोठे आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे या प्रकल्पाची जबाबदारी आली, २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याचा त्याला आधार मिळाला आणि पुढे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा अशा कंपन्यांनी तिथे कार्यालये थाटली. परदेशी ग्राहकांच्या संगणकयंत्रणा दुरून सांभाळणे, त्या बंद पडू न देणे आणि बिघडल्याच तर रात्रीतून पूर्ववत करणे हा या कंपन्यांच्या व्यवसायाचा एक महत्त्वाचा भाग आहे. त्याच नागपुरातला एखादा कवी, जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा लहान दुकानदार स्वतःचे चार पानांचे संकेतस्थळ काढू पाहतो, तेव्हा त्याची पाने मात्र बहुधा एखादी अमेरिकी कंपनी सांभाळते, आणि तीही एक पैसा न घेता. या उलट्या दिशेच्या देवघेवीचा इतिहास आता तीन दशकांचा होत आला असून तो मराठी लेखनाच्या इतिहासाचाही भाग आहे, पण त्याची मांडणी क्वचितच होते.

संकेतस्थळ म्हणजे अखेर फायलींचा संच, आणि तो चोवीस तास चालू असलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावा लागतो. ही जागा पुरवण्याच्या सेवेला होस्टिंग म्हणतात. जागेबरोबर सर्व्हरची देखभाल, सुरक्षा, नव्या आवृत्त्या बसवणे आणि मजकुराच्या प्रती राखणे ही कामेही पुरवठादाराने अंगावर घेतली, तर ते व्यवस्थापित होस्टिंग होय. लेखकाने फक्त लिहायचे आणि 'प्रकाशित करा' असे बटण दाबायचे. मिहानमध्येच या व्यवस्थेला समांतर उदाहरण सापडते. ज्या लहान कंपन्यांना स्वतःची इमारत बांधणे परवडत नाही, त्यांच्यासाठी विमानतळ विकास कंपनीने 'सेंट्रल फॅसिलिटी बिल्डिंग' उभारली. गाळा भाड्याने घ्यावा आणि कामाला लागावे. अशा सोयीचे मोल लहान उद्योजकाला ठाऊक असते, तसेच हेही ठाऊक असते की करारात काय लिहिले आहे यावर पुढचे सारे अवलंबून राहते. मिहानसाठी उभारलेला स्वतंत्र औष्णिक वीजप्रकल्प काही वर्षांतच बंद पडला, तेव्हा वीज दुसरीकडून आणून कारभार चालवावा लागला. पायाभूत सोय दुसऱ्याच्या हाती असण्याचा अर्थ त्या काळात सर्वांना समजला. फरक एवढाच की गाळ्याला भाडेकरार असतो, तर विनामूल्य होस्टिंगमध्ये पुरवठादाराने एकतर्फी लिहिलेल्या आणि त्यालाच बदलता येणाऱ्या अटी असतात.

प्रकाशनाचे साधन कोणाच्या मालकीचे असावे, हा प्रश्न नागपूरला इंटरनेटने आणून दिला असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच शहरात किसन फागुजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढून 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' ही पत्रे चालवली. अस्पृश्यतेविरुद्धचे लेखन इतरांच्या मर्जीवर किती काळ छापले जाईल, याची खात्री नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. छापखाना, कागद आणि टपाल या तिन्हींचा खर्च सोसूनही बनसोड्यांनी स्वतःचे साधन उभारले, त्यामागची कारणे अशाच अनुभवांत दिसतात. पुढे सर्व्हरच्या जागेबाबत जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांचे मूळ रूप इथे दिसते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, आणि ती आधी महानगरांत आली, नागपूरसारख्या शहरांपर्यंत पोचायला काही काळ गेला. योगायोगाने विनामूल्य होस्टिंगही त्याच सुमारास जन्माला आले होते. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या उपक्रमाला पुढे जिओसिटीज हे नाव मिळाले. विषयानुसार पाडलेल्या आभासी वस्त्यांमध्ये कोणालाही काही मेगाबाइट जागा मोफत दिली जाई आणि पानावर जाहिराती दाखवून कंपनी आपला खर्च काढी. ट्रायपॉड आणि एंजलफायर या सेवांचाही आराखडा असाच होता. परदेशी गेलेल्या मराठी अभियंत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अशा जागांवर पाककृती, आरत्या, किल्ल्यांची वर्णने, कवितांचे संग्रह अशी पाने रचली. १९९६ च्या गणेशोत्सवात सुरू झालेल्या 'मायबोली'सारखे स्वतःच्या पत्त्यावर उभे राहिलेले मराठी संकेतस्थळ हा त्या काळातला अपवाद होता.

या पानांना जागेची अडचण होती, त्याहून मोठी अडचण लिपीची होती. त्या वेळी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकचे योगेश अशा फाँटांत मराठी मजकूर टंकित होई, आणि प्रत्येक फाँटाची अक्षरांची मांडणी स्वतंत्र असे. संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरेच असत, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा पेहराव चढवी. वाचणाऱ्याच्या संगणकावर नेमका तोच फाँट नसला, तर कवितेच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसे, आणि शोधयंत्राला तर त्यातले एकही मराठी अक्षर ओळखू येत नसे. मराठी दैनिकांनी 'डायनॅमिक फाँट' म्हणजे पानाबरोबरच उतरणारा फाँट वापरून त्यावर मात केली, तरी तोही विशिष्ट ब्राउझरपुरताच चाले. अनेकांनी कंटाळून मजकुराची चित्रेच करून पानावर चढवली. त्यामुळे त्या काळातले पुष्कळसे मराठी लेखन दोन कुलुपांत अडकले: जागा एका कंपनीची, अक्षरे दुसऱ्या कंपनीची. यांपैकी एक जरी बंद झाले, तरी लेखन गेले.

अक्षरांचे कुलूप युनिकोडने उघडले. जगातल्या सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देणाऱ्या या प्रमाणात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी होती, आणि तिची मांडणी भारत सरकारच्या इस्की या प्रमाणावर आधारलेली होती. प्रत्यक्ष वापरासाठी मात्र २००० सालच्या विंडोजची वाट पाहावी लागली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फाँट सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता, ही मराठी वाचकाने विसरू नये अशी गोष्ट आहे, कारण मराठी ब्लॉगची पहिली पिढी त्याच अक्षरांत वाचली गेली. तरीही काही गाठी राहिल्याच. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला आडवा रफार युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो, आणि डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या त्या दोन रूपांना शोधयंत्र वेगळे शब्द समजू शकते. मराठीतील जुने लेखन शोधणाऱ्या अभ्यासकाला या गोष्टीचा उपद्रव आजही होतो. बराह आणि गमभन यांसारख्या टंकलेखनाच्या साधनांनी रोमन कळफलकावरून मराठी लिहिणे सोपे केले, आणि मगच विनामूल्य जागेचा खरा लाभ मराठी लेखकांच्या पदरात पडला.

तोवर जागेचे स्वरूपही बदलले होते. पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर ही सेवा काढली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. त्याच वर्षी २७ मे रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस या मुक्त प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. २००५ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम ही तिची व्यवस्थापित सेवा सुरू झाली. जिओसिटीजवर पान रचायला एचटीएमएल ही खुणांची भाषा थोडीफार यावी लागे; ब्लॉगरवर ती गरजही उरली नाही. २००४ ते २०१० या काळात कविता, प्रवासवर्णने, चित्रपटसमीक्षा, पाककृती, गडकिल्ले, शेअरबाजार अशा विषयांवर मराठी ब्लॉग निघाले आणि मासिकांच्या संपादकांची वाट न पाहता लिहिणारी एक पिढी तयार झाली. या पिढीच्या लेखनाची वाङ्मयीन दखल पुरेशी घेतली गेलेली नाही, ही मराठी समीक्षेची उणीव आहे.

ब्लॉगरवरच्या ब्लॉगचा पत्ता सहसा 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' या नावाच्या पोटात असे. अशा पत्त्याला उपडोमेन म्हणतात. डोमेन म्हणजे नोंदणी करून घेतलेले संकेतस्थळाचे नाव, आणि उपडोमेन म्हणजे दुसऱ्याच्या नावाखाली मिळालेली जागा. हा भेद केवळ तांत्रिक नाही, हे जुलै २००६ मध्ये भारतीय ब्लॉगलेखकांना कळून चुकले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाड्यांत ११ जुलैला स्फोट झाल्यानंतर दूरसंचार विभागाने वीसपेक्षाही कमी पाने बंद करण्याचा आदेश इंटरनेट कंपन्यांना दिला. त्यांतील काही पाने ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीजवर होती, आणि नेमके तेवढेच पान अडवण्याची व्यवस्था नसलेल्या कंपन्यांनी ती नावेच्या नावे बंद केली. त्यामुळे बंदीशी काडीचाही संबंध नसलेले हजारो ब्लॉग काही दिवस भारतातून दिसेनासे झाले. काहींनी पाकिस्तानी वाचकांसाठी, तिथल्या बंदीवर उपाय म्हणून बनवलेल्या एका मध्यस्थ संकेतस्थळाच्या वाटेने आपलाच ब्लॉग वाचला. विभागाच्या खुलाशानंतर बंदी उठली. स्वतःच्या डोमेनवर असलेल्या संकेतस्थळांना मात्र या प्रकाराची झळ लागली नाही, आणि त्यामुळे पत्त्याच्या मालकीचा मुद्दा पहिल्यांदा ठळकपणे समोर आला.

मजकुराच्या मालकीचा मुद्दा त्याआधीच उपस्थित झाला होता. याहूने १९९९ मध्ये सुमारे ३५७ कोटी डॉलर मूल्याच्या समभागांच्या बदल्यात जिओसिटीज घेतल्यावर अटी बदलल्या, आणि रहिवाशांच्या मजकुरावर कंपनीला व्यापक हक्क देणारे कलम त्यांत आले. लोकांनी पाने रिकामी करून निषेध नोंदवला, तेव्हा याहूला माघार घ्यावी लागली. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, जिओसिटीज बंद करण्यात आले. निरोपाची सूचना आधी दिली होती, पण ती ज्या ईमेल पत्त्यांवर गेली त्यांतले अनेक पत्ते त्यांच्या मालकांनी केव्हाच सोडले होते. 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने आणि इंटरनेट आर्काइव्हने शक्य तेवढी पाने वाचवली. जी वाचली, त्यांतली मराठी पाने जुन्या फाँटांत असल्याने शोधूनही सहज सापडत नाहीत. लिपीच्या आणि जागेच्या परावलंबनाची ही एकत्रित किंमत आहे. त्यानंतर विंडोज लाइव्ह स्पेसेस, २०१३ मध्ये पोस्टरस आणि सप्टेंबर २०२५ अखेर टाइपपॅड अशी एकेक सेवा बंद होत गेली. टाइपपॅड तर पैसे घेणारी सेवा होती, म्हणजे फी भरल्याने जागा कायमची मिळते असेही नाही.

महाराष्ट्रात विनामूल्य होस्टिंगचा सर्वांत व्यापक वापर साहित्यिकांनी केला असे म्हणता येणार नाही. तो शिक्षकांनी केला. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, डिजिटल शाळांची लाट आली आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' अशी ओळख मिरवणारा एक मोठा वर्ग जिल्हा परिषद शाळांमधून पुढे आला. विदर्भापासून कोकणापर्यंत शिक्षकांनी ब्लॉगरवर आपापले ब्लॉग काढले. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींचे नमुने, परिपाठाचे साहित्य, शिष्यवृत्तीच्या सराव चाचण्या, शासन निर्णय, वेतन आणि वरिष्ठ श्रेणीचे तक्ते असा मजकूर त्यांवर असे. सरकारी संकेतस्थळावर शोधून न सापडणारा निर्णय शिक्षकाच्या ब्लॉगवर एका टिचकीत मिळे. मुळात ही माणसे तंत्रज्ञ नव्हती. शाळा सुटल्यावर, पुष्कळदा मोबाइलवरून, त्यांनी हे काम केले, आणि मराठी माध्यमाच्या लाखो मुलांना त्याचा उपयोग झाला. व्यवस्थापित होस्टिंग नसते, तर हे घडणे अशक्य होते, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. ब्लॉगरने आणखी एक सवलत दिली होती, ती म्हणजे विकत घेतलेले स्वतःचे डोमेन ब्लॉगला फुकट जोडण्याची. ज्यांनी ती घेतली, त्यांना पुढे वर्डप्रेसकडे जाताना जुना पत्ता आणि वाचक टिकवता आले. ज्यांनी घेतली नाही, त्यांचा वाचकवर्ग ब्लॉगस्पॉटच्या पत्त्याला बांधलेला राहिला.

याच काळात सरकारनेही आपल्या कार्यालयांसाठी व्यवस्थापित संकेतस्थळांची योजना आणली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'एस३वास' ही सेवा म्हणजे तयार साचे, सुरक्षित सर्व्हर आणि दृष्टिबाधितांनाही वापरता येईल अशी रचना यांचे एकत्रित पॅकेज होय. नागपूर जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ याच सेवेवर चालते, आणि मजकूर बदलण्याचे काम जिल्ह्यातले कर्मचारीच करतात. ही सोय सरकारी संस्थांपुरती मर्यादित आहे. शाळेतला शिक्षक, ग्रंथालय, महिला बचत गट किंवा लहान प्रकाशक यांच्यासाठी मराठीत चालणारी अशी सार्वजनिक जागा शासनाने निर्माण केलेली नाही, आणि भाषेच्या धोरणाची चर्चा होते तेव्हा ही मागणी पुढे यायला हवी. ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन उपलब्ध झाले, त्यामुळे पत्ताही मराठीत लिहिता येऊ लागला. तथापि अनेक प्रणाली असा पत्ता नीट स्वीकारत नसल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

गेल्या दशकात विनामूल्य जागेचा आणखी एक प्रकार रूढ झाला. गिटहब पेजेस २००८ मध्ये, पुढे काही वर्षांनी नेटलिफाय आणि २०२१ मध्ये क्लाउडफ्लेअर पेजेस सर्वांसाठी खुले झाले. या सेवा 'स्थिर' पाने ठेवतात, म्हणजे वाचक आला की सर्व्हरने माहितीसाठ्यातून पान रचायचे नसते, आधीच रचून ठेवलेली फाइल पाठवायची असते. त्यामुळे खर्च कमी, वेग जास्त आणि घुसखोरीला वाव फार थोडा. शिवाय मूळ मजकूर लेखकाच्या स्वतःच्या संगणकावरच राहतो, आणि हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. अडचण शिकण्याची आहे. मिहानमधल्या एखाद्या तरुण अभियंत्याला ही पद्धत सहज जमेल, परंतु ग्रंथालयाच्या चिटणीसाला कोणीतरी सोबत लागेल. संकेतस्थळ सुरक्षित असल्याचा दाखला, म्हणजे प्रमाणपत्र, पूर्वी विकत घ्यावा लागे. २०१६ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा सेवेने तो सर्वांना विनामूल्य केला आणि व्यवस्थापित सेवांनी तो आपोआप जोडायला सुरुवात केली.

फुकट मिळालेली नावे मात्र धोक्याची ठरली. फ्रीनॉम ही कंपनी टोकेलाऊ, माली, गॅबॉन अशा प्रदेशांची डोमेने विनामूल्य वाटत असे. तिच्या नावांचा फसवणुकीसाठी इतका वापर झाला की मेटाने तिच्यावर दावा लावला, २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि २०२४ मध्ये कंपनीने या व्यवसायातूनच अंग काढून घेतले. हेरोकू या होस्टिंग सेवेनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला विनामूल्य स्तर बंद केला. वर्डप्रेस डॉट कॉमच्या विनामूल्य योजनेत जागा एक गिगाबाइटवर आली आहे, जाहिराती कंपनी दाखवते आणि स्वतःचे डोमेन जोडता येत नाही, पण सारा मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढून स्वतंत्र वर्डप्रेसवर नेता येतो. ब्लॉगरवर डोमेन जोडता येते आणि प्रतही उतरवून घेता येते, परंतु सेवेत नवे काही घडण्याची चिन्हे दीर्घकाळ दिसलेली नाहीत.

या इतिहासातून निवडीचा जो क्रम हाती येतो, तो प्रचलित सल्ल्याच्या उलटा आहे. किती जागा मिळते आणि साचे किती देखणे आहेत, हे प्रश्न शेवटी यावेत. पहिल्यांदा वर्षाला काहीशे रुपये देऊन स्वतःच्या नावाने डोमेन नोंदवावे, त्यानंतर मजकूर बाहेर काढण्याची सोय आहे की नाही हे पहिल्या दिवशीच प्रत्यक्ष करून पाहावे, आणि मगच जागा निवडावी. संस्थेचे संकेतस्थळ एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवरून उघडले जाऊ नये. गूगलने दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकण्याचे धोरण जाहीर केल्यानंतर निवृत्त किंवा दिवंगत लेखकांच्या खात्यांचा प्रश्न गंभीर झाला आहे, आणि त्यासाठी त्याच कंपनीने २०१३ पासून दिलेली वारस नेमण्याची सोय मराठी लेखकांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी वापरली पाहिजे. ज्या गावांच्या जमिनीवर मिहान उभे राहिले, त्यांच्या देवळांच्या, शाळांच्या, पिकांच्या आणि पुनर्वसनाच्या आठवणी अजून सांगणारी माणसे हयात आहेत. त्या कोणी लिहून काढल्या, तर त्यांना स्वतःचा पत्ता आणि किमान तीन ठिकाणी जपलेली प्रत हवी, आणि त्यांतली एक प्रत नागपुरातल्या एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात, कागदावर छापलेली असावी.